विज्ञानकथा, टुणुक टुणुक भोपळा आणि तळ्यातली भांडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर मी आठवड्यातून तीन संध्याकाळी बसतो. कादंबऱ्या, चरित्रं, प्रवासवर्णनं, पाककृतींची पुस्तकं हातोहात जातात. विज्ञानकथांचं कपाट मात्र धूळ झटकण्यापुरतंच उघडतं. पुस्तक पुढे केलं की सभासद हात मागे घेतात, "नको हो, ते आपलं काम नाही." त्या 'नको'च्या मागोमाग जे प्रश्न येतात ते बहुतेक ठरलेले असतात. काही टेबलावर विचारले जातात, काही रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. तेच इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात गेला असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. विज्ञानकथा म्हणजे नेमकं काय?

व्याख्या ढीगभर आहेत आणि अभ्यासक त्यांवरून भांडतातही. माझी कामचलाऊ व्याख्या अशी: जगाचा एखादा नियम किंचित हलवायचा किंवा अजून न लागलेला एखादा शोध लागला असं धरायचं, आणि मग माणसं काय करतील ते प्रामाणिकपणे सांगायचं. एकदा ते गृहीत मान्य केलं की लेखकालाही मनमानी करता येत नाही. रॉकेट, रोबो, परग्रहवासी असलेच पाहिजेत असं नाही. त्यांच्याशिवायची आणि ते असूनही विज्ञानकथा नसलेली अशी दोन्ही उदाहरणं प्रश्न १२ मध्ये आहेत.

२. दहावीला विज्ञानात कसेबसे पस्तीस मिळाले होते. मला झेपेल का?

झेपेल. खुनाची रहस्यकथा वाचताना कायद्याची कलमं पाठ असावी लागत नाहीत. भाऊबंदकीच्या कादंबरीत सातबारा आला म्हणून कोणी पुस्तक मिटवत नाही. गोष्टीला लागेल तेवढं विज्ञान गोष्टीतच सांगणं हे लेखकाचं काम आहे, आणि ते त्याला जमलं नसेल तर नापास तो झाला, तुम्ही नाही.

ही भीती खरं तर विज्ञानाची नसते, वर्गाची असते. 'विज्ञान' हा शब्द मुखपृष्ठावर दिसला की कुठेतरी फळा, छडी आणि प्रगतिपुस्तक आठवतं. आमच्याकडे एका सभासदाला मी मुखपृष्ठाला खाकी कागद घालून पुस्तक दिलं होतं. आठ दिवसांनी त्यांनी "असंच दुसरं" मागितलं. फसवणूक होती, कबूल.

३. विज्ञानकथेचं आणि लोककथेचं नातं आहे असं तुम्ही सारखं म्हणता. हे ओढूनताणून नाही का?

तळ्यातल्या भांड्यांची दंतकथा तुम्ही ऐकली असेल. महाराष्ट्रात कितीतरी गावांच्या तळ्यांना ती चिकटलेली आहे. लग्नकार्य निघालं की यजमानाने आदल्या दिवशी तळ्याच्या काठी जायचं, नारळ ठेवायचा, हवी तेवढी भांडी मागायची. सकाळी घासूनपुसून लखलखीत भांडी काठावर हजर. अट एकच, काम झालं की सगळी परत करायची. पिढ्यानपिढ्या हे सुरळीत चालतं. मग कोणीतरी एक वाटी, एक पळी घरात ठेवून घेतो, आणि त्या दिवसापासून तळं भांडी देत नाही.

आता तळ्याच्या जागी आपल्याहून पुढारलेली, न दिसणारी एखादी वस्ती ठेवा. भांड्यांच्या जागी आपल्याला बनवता न येणारं तंत्र ठेवा. त्यांनी दिलं, आपण वापरलं, एकाने अट मोडली, दार बंद झालं. परक्या संस्कृतीशी पहिली भेट या विषयावरची विज्ञानकथा तयार झाली, आणि एक ओळही बदलावी लागली नाही. भांडी कोण ठेवतं हे दंतकथा सांगत नाही. तिला त्यात रसच नाही, तिचं लक्ष वाटी चोरणाऱ्यावर आहे. चांगल्या विज्ञानकथेचंही तसंच असतं.

लेकीकडे निघालेल्या म्हातारीचीच गोष्ट घ्या. वाटेत वाघ, कोल्हा तिला खायला टपलेले. ती सांगते, लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते, मग खा. परतताना ती भोपळ्यात बसून "चल रे भोपळ्या टुणुक टुणुक" करत निघते. बाहेर धोका, आत माणूस, मधे एक बंद कवच, आणि कवच फुटलं की संपलं. अंतराळयानावरच्या निम्म्या गोष्टींचा सांगाडा हाच आहे. लहानपणी आपल्यापैकी कोणीही विचारलं नाही की म्हातारी भोपळ्यात मावली कशी. गोष्टीने घातलेली अट आपण तोंडातला घास गिळायच्या आत मान्य केली होती. मोठेपणी तीच अट 'काळाच्या यंत्रा'बद्दल घातली की आपण भुवई उंचावतो. वाचनाची सवय होती, ती मोडली, एवढंच झालं.

तिसरा नमुना राक्षसाचा. त्याचा प्राण सात समुद्रांपलीकडे, पिंजऱ्यातल्या पोपटात. जीव एका ठिकाणी, शरीर दुसऱ्या ठिकाणी, दोघांमध्ये कसलाही दोर नाही. हे आज कोणी नव्याने लिहिलं तर पोपटाच्या जागी सर्व्हर येईल.

४. पण कहाणीतला चमत्कार आणि विज्ञानकथेतला चमत्कार, फरक काही आहे की नाही?

आहे, आणि मोठा आहे. श्रावणातली कहाणी आठवा. आटपाट नगर होतं, तिथे एक गरीब ब्राह्मण होता. वसा सांगितला जातो, "उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको" अशी ताकीद मिळते. व्रत केलं की भरभराट, टाकलं की दारिद्र्य. इथे नियम नैतिक आहे, आणि तो माणूस बघून लागू होतो. चांगल्याला फळ, उतलेल्याला शिक्षा.

विज्ञानकथेतला नियम माणूस बघत नाही. गुरुत्वाकर्षण सज्जनालाही पाडतं. कहाणीत चूक कबूल केली, क्षमा मागितली, की गेलेलं परत मिळतं. विज्ञानकथेत पश्चात्तापाने यानातला प्राणवायू वाढत नाही. दोन्हीकडे अट आहे, दोन्हीकडे अट मोडण्याची किंमत आहे, पण वसुली करणारा वेगळा आहे. इंग्रजी विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क यांचं एक वचन या संदर्भात नेहमी सांगितलं जातं, की पुरेसं पुढे गेलेलं तंत्रज्ञान जादूपासून वेगळं ओळखता येत नाही. बघणाऱ्याच्या बाजूने ते खरं आहे. पण गोष्ट सांगणाऱ्याला मात्र ठरवावंच लागतं की आपण कोणत्या खात्यात हिशेब लिहितोय.

५. म्हणजे आपल्या पुराणांत हे सगळं विज्ञान होतंच, असंच ना?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि बहुधा विचारणाऱ्याला उत्तर 'हो' हवं असतं.

भागवतात ककुद्मी राजाची कथा आहे. मुलगी रेवती, तिला योग्य वर सुचेना, म्हणून तो तिला घेऊन थेट ब्रह्मदेवाकडे गेला. तिथे गायन चाललं होतं. राजा जरा थांबला. गाणं संपल्यावर त्याने मनातल्या वरांची यादी सांगितली, तेव्हा ब्रह्मदेव हसला. एवढ्या वेळात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली होती. यादीतले वर, त्यांची मुलं, नातवंडं, कोणाचं नावही उरलं नव्हतं. शेवटी रेवतीचं लग्न बलरामाशी झालं. ती जुन्या युगातली म्हणून फारच उंच, तेव्हा बलरामाने नांगराच्या टोकाने तिला ओढून बेताची केली, असं विष्णुपुराण सांगतं. हा तपशील मला फार आवडतो. काळाचा फरक म्हणजे नुसता आकडा नाही, तो उंचीतही दिसला पाहिजे, हे त्या कथाकाराला कळलं होतं.

आता सापेक्षतेचा सिद्धान्त. प्रकाशाच्या वेगाच्या ९९ टक्के वेगाने जाणाऱ्या यानात एक वर्ष गेलं तर पृथ्वीवर सुमारे सात वर्षं जातात. हे सूत्रातून काढता येतं आणि तपासता येतं. १९७१ मध्ये आण्विक घड्याळं विमानातून पृथ्वीभोवती फिरवून ते तपासलंही गेलं. तुमच्या फोनमधला नकाशा ज्या उपग्रहांवर चालतो, त्यांच्या घड्याळांना या सगळ्यापोटी रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती द्यावी लागते.

ककुद्मीच्या कथेत ना वेग आहे, ना सूत्र, ना तपासणी. तिच्यात कल्पना आहे: 'इथला काळ आणि तिथला काळ सारखा नसेल तर घरी परतणाऱ्याचं काय होईल?' ही कल्पना एवढ्या जुन्या काळी कोणाला तरी सुचली याचा अभिमान जरूर बाळगा. ती मोठ्या कथाकाराची मिळकत आहे. तिला प्रयोगशाळेची मिळकत म्हटलं की दोघांचाही अपमान होतो. पुष्पक विमानाबद्दलही माझं हेच उत्तर आहे, वेगळं विचारू नये.

६. मराठीत हे कधीपासून आहे? नारळीकरांनीच सुरू केलं ना?

सुरू केलं नाही, प्रतिष्ठा मिळवून दिली. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाची भाषांतरं विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच मराठी मासिकांत येऊ लागली होती. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांसाठी अशा झोकात मराठीत आणला, की अनेकांना तो मूळचा पुण्याचाच वाटायचा. अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकाने अद्भुत, भय आणि वैज्ञानिक कल्पना एकाच ताटात वाढल्या.

आणि मग १९७४. मराठी विज्ञान परिषदेच्या (स्थापना १९६६) कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं, आणि मग कळलं की जगताप म्हणजे नामवंत खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी केली होती. नावामुळे बक्षीस मिळालं असं व्हायला नको, ही त्यामागची काळजी. वेष पालटून नगरात फिरणाऱ्या राजाची गोष्ट आपण ऐकलेली असते; इथे ती टपालाने घडली.

पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षीय भाषणात या नव्या कथाप्रकाराची दखल घेतली गेली. अध्यक्ष कोण होत्या? दुर्गा भागवत, 'लोकसाहित्याची रूपरेखा' लिहिणाऱ्या. लोककथेचं एवढं जाणणाऱ्या बाईंना या नव्या पाहुण्याचा चेहरा ओळखीचा वाटला असावा, असा माझा कयास आहे. कयासच, पुरावा मागू नका. नारळीकर स्वतः अध्यक्ष झाले ते २०२१ च्या नाशिक संमेलनात. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा आठवडाभर आमच्या त्या कपाटातली पुस्तकं खरंच बाहेर गेली होती.

शेजारची एक गंमत इथेच सांगतो. १८९६ मध्ये बंगालीत जगदीशचंद्र बोस यांनी एक गोष्ट लिहिली, तीही स्पर्धेसाठीच. स्पर्धा केसांच्या तेलाच्या कंपनीची, आणि गोष्टीत तेल आलंच पाहिजे अशी अट. बोसांनी काय करावं? कलकत्त्यावर येणारं चक्रीवादळ अचानक नाहीसं होतं, वेधशाळा चक्रावते. शेवटी उलगडतं की बोटीवरच्या एका प्रवाशाने खवळलेल्या समुद्रात केशतेलाची बाटली रिकामी केली होती. पृष्ठताण आणि पारावरची थाप, दोन्ही एका बाटलीत.

७. नारळीकर सोडून कोणाचं वाचावं?

बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, अरुण मांडे, मेघश्री दळवी. ही यादी अपुरी आहे आणि क्रमाला अर्थ नाही. जावडेकरांची कथा माणसाच्या मनाकडे जास्त वळते, फोंडक्यांकडे संवाद झटपट असतात. एक तरी दिवाळी अंक 'धनंजय'सारखा घ्या. त्यात रहस्य, भय आणि विज्ञान शेजारी शेजारी सापडतं, त्यामुळे आपल्याला काय पचतं ते स्वस्तात कळतं.

८. सुरुवात नेमकी कुठल्या गोष्टीने करू? एकच सांगा.

'उजव्या सोंडेचा गणपती'. नारळीकरांची.

कारण तुम्ही अर्ध्या वाटेवर आधीच उभे आहात. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळं पाळावं लागतं, घरात ठेवताना दहा वेळा विचार करावा, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. गोष्ट त्या धास्तीचा हात धरून तुम्हाला भूमितीत घेऊन जाते. भूमिती समजायला कागदाची एक लांब पट्टी पुरते. तिला अर्धा पीळ द्या आणि दोन्ही टोकं चिकटवा. या पट्टीला मोबियस पट्टी म्हणतात. कागद पारदर्शक आहे असं धरा आणि त्यावर उजव्या हाताचा पंजा काढून तो पट्टीवरून सरकवत पूर्ण फेरी मारा. मूळ जागी येतो तेव्हा तो डाव्या हाताचा पंजा झालेला असतो. कोणीही त्याला उलटवलेलं नसतं, तो फक्त फिरून आलेला असतो. आता हीच फेरी पट्टीवरच्या चित्राने न मारता एखाद्या माणसाने मारली तर? पुढचं गोष्टीत वाचा.

गुरुवारी दुपारी आमच्याकडे ज्येष्ठ बायकांचा वाचनगट भरतो. तिथे मी ही कथा मोठ्याने वाचली होती. पट्ट्या कापून प्रत्येकीच्या हातात दिल्या होत्या. वाचून झाल्यावर ऐंशी ओलांडलेल्या एक आजी म्हणाल्या, "मग त्याला नैवेद्य कुठल्या हाताने दाखवायचा? माझ्या, की त्याच्या?" गेल्या कित्येक वर्षांत या कथेवर याहून चांगली टीका मी ऐकलेली नाही.

९. ही पुस्तकं मुलांची असतात ना? मोठ्या माणसाने वाचायची म्हणजे…

यात दोष कपाटाचाही आहे. बऱ्याच वाचनालयांत विज्ञानकथा बालविभागाला लागून असतात. आमच्याकडेही होत्या, मी त्या उचलून कादंबऱ्यांशेजारी आणल्या. लोककथेचंही हेच झालं. जात्यावर, पारावर, शेकोटीपाशी मोठ्यांनी मोठ्यांना सांगितलेल्या गोष्टी छापल्यावर 'बालवाङ्मय' झाल्या, त्यातली भीती आणि चावटपणा गाळला गेला.

१०. मी एक वाचली होती. निम्मी गोष्ट म्हणजे धडा होता. सगळ्या तशाच असतात का?

सगळ्या नाहीत, पण पुष्कळ आहेत. इथे वाचकाची बाजू घेणं भाग आहे.

मराठी विज्ञानकथेची एक ठरीव जात आहे. तरुण शास्त्रज्ञ, त्याचा जुना मित्र, दिवाणखाना, चहा. मित्र विचारतो, "म्हणजे नक्की काय रे?" आणि शास्त्रज्ञ तीन पानं बोलतो. मित्राला स्वतःचं काही नसतं, ना बायकोशी भांडण, ना कर्जाचा हप्ता. तो केवळ प्रश्न विचारायला नेमलेला असतो. याचं मूळ समजण्यासारखं आहे. या कथेला वाढवलं ते विज्ञानप्रसार करणाऱ्या मंडळींनी. लोकांना विज्ञान कळावं हा हेतू, आणि गोष्ट हे त्याचं साधन. आईने गुळात कडू औषध घालून द्यावं तसं. पण मूल एकदा फसतं. दुसऱ्यांदा ते गूळही घेत नाही. आज जी नाखुशी दिसते, तिचा मोठा वाटा या औषधी गुळाचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

लोककथा सांगणारी बाई असं करत नाही. भोपळ्याची साल किती जाड असते हे ती सांगत नाही. पुस्तक निवडताना म्हणूनच एक युक्ती करा. मधलं कुठलंही पान उघडा. एका माणसाचं बोलणं अर्ध्या पानाच्या पुढे चाललं असेल, तर ते पुस्तक परत कपाटात.

११. कृष्णविवर, दीर्घिका, प्रारण, गुणसूत्र… हे शब्दच अडतात. इंग्रजी बरं की हो?

'कृष्णविवर' तर मला 'ब्लॅक होल' या मूळ शब्दापेक्षा उजवा वाटतो. 'विवर' म्हटलं की बिळाचा, गुहेचा, पाताळाच्या वाटेचा भास येतो आणि अंगावर काटा येतो. 'प्रारण' (म्हणजे रेडिएशन) वाचून मात्र काहीच येत नाही. शब्द अडला की पुढे जा, वाक्याने अर्थ बहुतेक वेळा लागतो. पसायदान आपण सगळे शब्द कळायच्या आधीपासून म्हणतो.

१२. यंत्र नाही, अंतराळ नाही, तरी विज्ञानकथा कशी? आणि यान असूनही विज्ञानकथा नाही, असं कसं?

पहिल्याचं उत्तम उदाहरण नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात जाऊन पोचतात जिथे १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि मराठे जिंकले. सारी कथा आगगाडी, ग्रंथालय आणि सभेतल्या अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीभोवती फिरते. बखरीचं एक फाटकं पान हाच काय तो पुरावा. तरी ही विज्ञानकथा आहे, कारण 'असंही घडू शकलं असतं' याला ती पुंजभौतिकीतल्या (क्वांटम फिजिक्समधल्या) शक्यतांचा आधार देते आणि एका गोळीच्या फरकातून पुढचा सगळा इतिहास जबाबदारीने मांडते. (हिचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आहे, त्यामुळे तुमच्या नातवाने ती कदाचित तुमच्याआधी वाचली असेल.) 'पानिपत झालं नसतं तर' ही चर्चा मराठी माणूस अडीचशे वर्षं ओट्यावर करतोच आहे. लेखकाने ती ओट्यावरून उचलली.

वेताळाचीही एक गोष्ट इथेच बसते. देवीपुढे नवरा आणि भाऊ दोघांची मुंडकी धडावेगळी होतात. देवी प्रसन्न होते, बाई घाईत मुंडकी जोडताना अदलाबदल करते, आणि दोघे जिवंत होतात. आता तिचा नवरा कोण? राजाचं उत्तर, ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं तो, कारण सर्व अवयवांत मस्तक मुख्य. यात विज्ञान शून्य आहे, म्हणून ही विज्ञानकथा नाही. पण प्रश्न विचारायची पद्धत शंभर टक्के तीच आहे. मरणाच्या दारातल्या शास्त्रज्ञाचा मेंदू यंत्राच्या आधाराने जिवंत ठेवला तर, असा विचार लक्ष्मण लोंढे यांच्या 'दुसरा आइन्स्टाइन'मध्ये येतो, तेव्हा खांद्यावरचा वेताळ पुन्हा बोलू लागतो.

आता दुसरा भाग. नायक यानातून जातो, लेझरची तलवार चालवतो, राजकन्या सोडवून आणतो; यानाच्या जागी घोडा ठेवला तरी गोष्टीचं काहीच बिघडत नाही. ती परीकथा. वाईट अजिबात नाही, फक्त कपाट वेगळं.

१३. मला भूतकथा आवडतात, पण विज्ञानकथा थंड वाटते. काय करू?

नारायण धारपांकडून या. त्यांनी दोन्ही लिहिलं आणि मधली भिंत फारशी मानली नाही. कोकणात, गोव्यात वाढला असाल तर चकवा माहीत असेल. रोजची पायवाट, तरी माणूस रात्रभर त्याच झाडाशी परत येतो. देवचार, म्हणजे गावचा न दिसणारा राखणदार, वाटेत असेल तर चिलीम, विडी ठेवून पुढे जायचं असतं. यात भूत दिसतच नाही. भीती जागेची असते, नेहमीची जागा अचानक नियम बदलते याची. विज्ञानकथेतली उत्तम भीती नेमकी तीच आहे. थंड वाटलेली कथा बहुधा प्रश्न १० मधल्या जातीची असणार.

१४. विज्ञानकथा देवाधर्माच्या विरोधात असते का? घरी वडीलधारी आहेत म्हणून विचारतो.

नारळीकरांच्या 'धूमकेतू'त पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या धूमकेतूची वाट शास्त्रज्ञ महत्प्रयासाने वळवतात. तोवर तो शोधणाऱ्याच्या घरी शांतीसाठी यज्ञ चालू असतो. संकट टळतं, आणि घरचे समाधानाने म्हणतात की यज्ञ फळाला आला. लेखक कोणावर ओरडत नाही. तो कोणाच्या बाजूचा हे कळतं, पण यज्ञ करणारी माणसं त्याने मूर्ख रंगवलेली नाहीत, प्रेमळ रंगवली आहेत. वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा. वाद होईल, पण जेवणाआधी मिटेल असा.

नारळीकरांच्या पुस्तकांची शीर्षकं पाहिलीत तरी पुराणांशी असलेलं हे नातं दिसेल: 'यक्षांची देणगी', 'अंतराळातील भस्मासुर', 'वामन परत न आला'. या शेवटच्या कादंबरीतला वामन म्हणजे बुद्धिमान यंत्र. तीन पावलं जमीन एवढंच मागणाऱ्या बटूला हो म्हटल्यावर बळीचं काय झालं हे ज्याला माहीत आहे, त्याला शीर्षक वाचूनच पोटात गोळा येतो. परकी भाषा बोलणाऱ्या वाचकाला त्यासाठी तळटीप लागेल.

१५. आता यंत्रं आपल्याशी गप्पा मारतात. मग विज्ञानकथा जुनी नाही का झाली?

भाकीत म्हणून वाचलीत तर झाली असेल. विज्ञानकथा पंचांग नव्हे. जुन्या कथांतले टेपरेकॉर्डर, ट्रंककॉल वाचताना हसू येतं, तसं जात्यावरच्या ओव्या म्हणताना जातं कुठे असतं घरात? आणि गप्पा मारणाऱ्या यंत्राबद्दल म्हणाल, तर वामनाच्या पहिल्या पावलापाशी आपण कितपत पोचलोय हे ठरवायला ती कादंबरी आजच जास्त कामाची आहे.

१६. मी लिहायला घेतली तर चालेल का? मी विज्ञान शिकलेलो नाही.

घ्या. मराठी विज्ञान परिषद विज्ञानरंजन कथास्पर्धा घेत आली आहे. आधी आपल्या गावची एखादी दंतकथा निवडा: विहीर, बुरूज, वेशीवरचा दगड. तिची अट काय, ती कोणी मोडली, एवढं एका ओळीत लिहा. मग अट कशामुळे असेल याचं तपासता येईल असं एक कारण शोधा. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या कोणाला तरी दाखवा. आणि दिवाणखान्यातला चहा पिणारा मित्र काढून टाका.

१७. वाचली, आणि तरीही नाही आवडली तर?

परत आणा. आमच्याकडे पंधरा दिवसांची मुदत आहे, नंतर रोजचा एक रुपया. जाताना कोपऱ्यातल्या वहीत कुठल्या पानावर सोडली तेवढं लिहून ठेवा. नाव लिहायची गरज नाही. आतापर्यंत सर्वांत जास्त वेळा तिथे 'पान ३' लिहिलं गेलंय, आणि त्या पुस्तकात पान ३ वर प्रस्तावनाच चालू आहे.